उंदरांची वाकळ

चार मजली इमारतीची मालकीण रोज सकाळी पावणेआठला डबा घेऊन उंदरांची अंथरुणं बदलायला निघते, ही गोष्ट नावडे गावाच्या अजून पचनी पडलेली नाही. रिक्षा स्टँडवरची मंडळी सहा वर्षं झाली तरी विचारतात, "काकी, आज किती मारले?" आणि गोजराबाईही सहा वर्षं एकच उत्तर देतात, "तुझ्यासाठी एक ठेवलाय, डब्यात हाय. दावू का?" मग त्या पुढं सरकून बसतात आणि रिक्षा डोंगराच्या पायथ्याला लागते.

तिथं मेंदूवर संशोधन करणारी एक संस्था आहे. पुढच्या बाजूला काचा, मागच्या बाजूला प्राणिगृह. पाटीवर प्राणिगृह असलं तरी रिक्षावाल्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्याला उंदीरघरच म्हणतात. त्यातली तीन नंबरची खोली गोजराबाईंची. म्हणजे कागदोपत्री संस्थेची, पण तिथल्या उंदरांना विचारलं असतं तर त्यांनी गोजराबाईंचंच नाव सांगितलं असतं.

नोकरीची गरज त्यांना कधीच नव्हती. जमीन शहरासाठी गेली, बदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉटवर इमारत उभी राहिली. मुलगा कुंदन रेती-खडीचा धंदा करतो, सून प्रिया पनवेलला बँकेत आहे. अडचण निराळीच होती. पूर्वीच्या कौलारू घरात एका ओटीवर अकरा माणसं झोपायची आणि कुणाचा पाय कुणाच्या अंगावर आहे हे सकाळीच कळायचं. इमारत झाली आणि प्रत्येक मजल्याला दार आलं, दाराला भिंग आलं. धाकटी जाऊ गिरजाबाई दुसऱ्या मजल्यावर राहायला गेली, आणि भाजीत मीठ कमी पडलं तरी मागायला खाली येईना. फोन करू लागली. गोजराबाई दुपारी टीव्ही लावून जेवायच्या. बघायच्या नाहीत, नुसता लावायच्या.

उंदीरघराला स्वच्छतेची बाई हवी असल्याचं कळलं तेव्हा कुंदन हात जोडायचाच बाकी होता. "आई, आपल्याला काय कमी हाय?"

"मानसं कमी हायत."

"म्हनून उंदीर?"

"ते तरी हाक मारली की पुढं येतात."

उंदीरघरात जाण्याआधी आंघोळ, मग झगा, टोपी, मास्क, हातमोजे, पायात पिशव्या. एवढ्या बंदोबस्तात आतलं माणूस ओळखू येत नाही. गोजराबाई मात्र ओळखू यायच्या, कारण त्यांचं तोंड मास्कमागेसुद्धा चालूच असायचं. काळ्याभोर, अंगठ्याएवढ्या उंदरिणी चार-चार, पाच-पाच अशा पिंजऱ्यात. प्रत्येकीच्या कानाला नंबर. नंबर गोजराबाईंना पाठ होते, पण वापरायच्या नाहीत. एकोणीस नंबरची उंदरीण बाकीच्यांच्या मिशा कुरतडायची, म्हणून ती सरपंचीण. जी सगळ्यांच्या खाली शिरून झोपायची ती वैजयंती, कारण गोजराबाईंच्या शेजारच्या वैजयंतीचीही तीच सवय आहे, असं त्यांचं म्हणणं. खऱ्या वैजयंतीला हे कळलं तेव्हा ती आठवडाभर बोलली नव्हती.

तीन नंबरमधल्या उंदरांवर प्रयोग करायची ती सई. नेरूळची मुलगी, संशोधनाचं तिसरं वर्ष. गोजराबाईंनी गावात तिची ओळख "डाक्टर होनार हाय, पन इंजेक्शन देनार नाय" अशी करून ठेवली होती. दुपारी दोघी एकत्र जेवायच्या. सईच्या डब्यात चौकोनी कापलेल्या भाज्या असायच्या आणि गोजराबाईंच्या डब्यात तांदळाची भाकरी, सुकट, नशीब बरं असलं तर बोंबील. पहिल्या आठवड्यात सईनं नाक मुरडलं होतं. दुसऱ्यापासून ती आपला डबा नामाला देऊन गोजराबाईंच्या डब्यातलं खाऊ लागली. नामा म्हणजे शेजारच्या खोलीतल्या सशांचा माणूस, पन्नाशीचा. दिवसाला दहा शब्द बोलायचा, त्यातले चार "बरं" असायचे.

असंच जेवताना सईनं एकदा प्रयोग समजावून सांगितला होता.

"मावशी, भूक लागली की मेंदू सांगतो ना, जा, खा? तसंच एकटं पडलं की मेंदू सांगतो, जा, कुणाला तरी भेट. मेंदूच्या पार तळाशी पेशींचा एवढासा झुबका असतो. त्यातल्या काही पेशी एकटं असताना पेटतात. काही सोबत मिळाली की पेटतात आणि म्हणतात, बस, भागलं. मी त्या पेशी पेटताना बघते. केसाएवढी काचेची तार असते, पेशी जागी झाली की तिच्यातून हिरवा उजेड येतो."

"हे कलायला डोक्यात तार घालायला लागते?" गोजराबाई म्हणाल्या. "आमच्या गिरजाला चार दिवस कोनी भेटलं नाय की ती पाचव्या दिवशी भंगारवाल्याला चहा पाजते."

"तेच! पाच दिवस उंदरीण एकटी ठेवायची आणि मग मैत्रिणीला भेटवायची. एकटी राहिलेली धावत जाते, हुंगते, तिच्या खाली शिरते, सोडतच नाही. मी घड्याळ लावून सेकंद मोजते."

गोजराबाईंना प्रयोग पटला. फक्त त्यातले पाच दिवस पटले नाहीत.

उंदरिणी एकेकट्या ठेवल्या असताना तीन नंबरमध्ये गोजराबाईंशिवाय कुणी जायचं नाही, असा नियम होता. नवा माणूस म्हणजे नवा वास, आणि नव्या वासानं उंदीर बिथरतात. सईसुद्धा बाहेरच थांबायची. तपासणीच्या वेळी गोजराबाई उंदरीण स्वच्छ पिंजऱ्यात घालून बाहेर आणून द्यायच्या आणि परत न्यायच्या. आत काय चालतं हे एक गोजराबाई जाणत होत्या आणि एक उंदीर.

आता गोजराबाईंच्या गावची रीत अशी की कुणीही घर सोडून दुसरीकडं राहायला निघालं, लग्न होऊन निघालेली पोर असो की वसतिगृहावर निघालेला मुलगा, तर त्याच्या सामानात घरच्या जुन्या लुगड्याची वाकळ जाते. तिथं गाद्या असल्या तरी जाते. गोजराबाईंच्या नणंदेचा मुलगा जर्मनीला निघाला तेव्हा विमानतळावर बॅगेतून दोन जॅकेटं काढली, वाकळ तशीच गेली. त्यात समजावण्यासारखं कुणाला काही वाटत नाही. अंगावर घरचं काहीतरी पडलं पाहिजे, एवढंच.

बारा उंदरिणी बारा पिंजऱ्यांत एकेकट्या ठेवल्या, तेव्हा त्या कोपऱ्यात अंगाचा गोळा करून बसल्या. गोजराबाईंनी एक दिवस बघितलं. दुसऱ्या दिवशी घरच्या वाकळीच्या उरलेल्या तुकड्यांतून तळहाताएवढे सात तुकडे शिवून आणले. सातच निघाले. ज्या जास्त बिचाऱ्या दिसत होत्या त्यांच्या पिंजऱ्यात पुठ्ठ्याच्या घरट्याखाली घातले. पाचव्या दिवशी उंदरिणी सईकडं द्यायच्या आधी काढून घेतले, धुतले, पुढच्या खेपेला त्याच सात पिंजऱ्यांत परत. चार महिने हा कार्यक्रम चालला.

मग एका सोमवारी सईनं बोंबिलाला हात लावला नाही.

"काय झायलं गं बाय?"

"काही नाही, मावशी."

"बोंबील हाय. काय नाय कसं?"

सईच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझे आकडेच जमत नाहीत. बारांपैकी पाच उंदरिणी धावत जातात, बरोब्बर हवं तसं. बाकीच्या सात निवांत. हुंगल्यासारखं करतात आणि आपलं अंग चाटत बसतात. त्यांच्या पेशी पेटतच नाहीत. चार वेळा केलं, चारही वेळा त्याच सात. परवा सर सगळं बघणार. एवढ्यावर ते प्रयोग बंद करतील. तीन वर्षं पाण्यात."

"कोनत्या सात?"

"तुम्हाला काय त्याचं... दोन, तीन, पाच, सहा, नऊ, दहा, बारा."

गोजराबाईंचा घास हातातच राहिला. हे सात नंबर त्यांच्याइतके कुणालाच पाठ नव्हते.

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी दुसऱ्या मजल्यावरची बेल वाजवली. गिरजाबाईंनी भिंगातून बघितलं, दार उघडलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"गप बस," गिरजाबाई म्हणाल्या. "तुला कोन विचारतंय? उंदीर बोलनार हायत का?"

"पोरीची तीन वर्सं गेली ना."

"आनि सांगितलंस की तुझी खोली गेली. मग परत टीवी लावून जेव."

हे खरंच होतं. सांगितलं तर खोली जाणार. मग सरपंचिणीला दटावायला कोण, आणि गोजराबाईंना तरी दिवसभर दटावायला कोण उरणार? नाही सांगितलं तर कुणाला कधीच कळणार नव्हतं. वाकळीचे तुकडे चुलीत घातले की विषय संपला. गोजराबाईंनी गिरजाबाईंचा चहा घेतला, वर साखर मागून घेतली, खाली आल्या. सातही तुकडे पिशवीत घातले आणि पिशवी दाराच्या खिळ्याला अडकवली, म्हणजे सकाळी विसरायला नको.

परवा उजाडला. सईचे मार्गदर्शक जयप्रकाश सर मोठ्या पडद्यासमोर बसले होते. सर बारीक आवाजात बोलायचे, त्यामुळं सगळे त्यांना फार घाबरायचे. सईनं पहिला आलेख लावला आणि दार उघडून गोजराबाई आत आल्या. झगा नाही, टोपी नाही, चापूनचोपून नेसलेली साडी आणि हातात पिशवी.

"सर, जरा थांबा. हिच्या पेशींना काय झायलं नाय. ते मी केलंय." आणि सात तुकडे टेबलावर ओळीनं मांडले, पिंजऱ्यांच्या नंबरांच्या क्रमानं.

सर ते बघत राहिले. सई कधी तुकड्यांकडं, कधी मावशीकडं. गोजराबाईंनी वाकळीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, मध्ये जर्मनीचा भाचाही आला.

"हे कापड," सर शेवटी म्हणाले, "निर्जंतुक केलं होतं का?"

"मग काय! दर खेपेला मोठ्या कुकरमधी, एकशे एकवीसवर, वीस मिन्टं. वहीत लिवलंय पन, 'इतर कपडे' म्हनून. मी काय अडानी हाय?"

सरांनी चष्मा काढून पुसला. तो आधीच स्वच्छ होता. "म्हणजे नियम मोडला, पण बाकीचे सगळे नियम पाळून."

"हां," गोजराबाई म्हणाल्या. त्यांना ते कौतुकच वाटलं.

"मावशी!" सई उठलीच. "मग ते चुकलेले आकडे नाहीतच! ते दोन वेगळे गट आहेत!"

"असू शकतील," सर म्हणाले. "कुणी मुद्दाम ठरवून केलं नाही, तोवर त्याला अर्थ नाही. पुन्हा करायचं. आठ उंदरिणी नुसत्या एकट्या. आठ वाकळीसकट. आठ जणींना तेवढंच छप्पर, पण कडक प्लास्टिकचं." मग ते गोजराबाईंकडं वळले. "तुम्ही त्या खोलीत जायचं नाही. तीन आठवडे. आत नामा जाईल. वाकळीनं फरक पडला, तर या आकड्यांना निदान कारण सापडेल. नाही पडला, तर आकडे कशानं बिघडले ते कधीच कळणार नाही, आणि मला त्या खोलीतलं माणूस बदलावं लागेल. मान्य?"

"मान्य. पन नामा बोलत नाय."

"म्हणूनच."

आठ जणींना प्रत्येकी तीन, अशा सारख्या मापाच्या चोवीस वाकळी लागणार होत्या, म्हणजे बदलायलाही झाल्या. सरांना नवं कापड हवं होतं, गोजराबाई जुन्या लुगड्यावर अडून बसल्या. "नव्या कापडाची वाकल म्हंजे फडकं." शेवटी सगळ्या वाकळी एकाच लुगड्याच्या असतील तर चालेल, यावर तह झाला. लुगडं गिरजाबाईंनी दिलं. आधी म्हणाल्या, "माझं लुगडं उंदराला?" मग म्हणाल्या, "हिरवं घे, ते मऊ हाय."

रविवारी दुपारी इमारतीखाली, गाड्या लावायच्या जागेत, कुंदनचा टेम्पो बाहेर काढून चटई अंथरली. गोजराबाई, गिरजाबाई, रुसवा सोडलेली वैजयंती, पहिल्या मजल्यावरची थोरली जाऊ सरस्वती. प्रिया बँकेतला सुट्टीचा दिवस झोपून काढणार होती, पण खालचं हसणं ऐकून सुई घेऊन उतरली. सई नेरूळहून पट्टी घेऊन आली होती आणि प्रत्येक वाकळ मोजत होती.

"ही अर्धा सेंटीमीटर मोठी आहे."

"अगो, उंदीर काय तक्रार करनार हाय?"

"सर करतील."

"तुझं लगीन झायलं की सासू म्हनून तूच शोभशील," सरस्वतीबाई म्हणाल्या आणि टाके उसवायला घेतले.

वैजयंतीनं विचारलं, "माझ्या नावाची उंदरीन कोनत्या गटात हाय?"

"ते सांगता येत नाही, चिठ्ठ्या टाकून ठरवायचं असतं."

"तिला वाकल मिलू दे गं," वैजयंती म्हणाली, आणि तिच्या हातातल्या वाकळीला एक टाका जास्त पडला. तोही उसवावा लागला. कुंदन जिन्यावरून हे बघत होता. इमारत बांधल्यापासून चारही मजले एका वेळी खाली आलेले त्यानं पाहिले नव्हते. तो गपचूप जाऊन सगळ्यांसाठी वडापाव घेऊन आला, आणि पिशवी ठेवताना म्हणाला, "उंदरांना पन आनू का?"

मग तीन आठवडे सुरू झाले. गोजराबाईंना बाटल्या धुवायच्या खोलीत बसवलं. तिथं पाण्याच्या बाटल्या होत्या, नळ होता, आणि बोलायला भिंत होती. पहिल्या दिवशी त्या बाटल्यांशी बोलल्या. दुसऱ्या दिवशी बाटल्यांना नावं ठेवली. तिसऱ्या दिवसापासून गप्प झाल्या, आणि उंदीरघरातली माणसं एकमेकांना विचारू लागली की आज बाई आल्या नाहीत का.

नामाला चहाच्या वेळी गाठायच्या.

"खातात का रं?"

"व्हय."

"बोलतोस का त्यांच्याशी?"

"नाय."

"सरपंचीन कशी हाय?"

"कोन?"

गोजराबाईंनी कप खाली ठेवला. एकोणीस नंबरला सरपंचीण म्हणतात हेसुद्धा ज्याला माहीत नाही, त्याच्या हातात खोली! सईकडं तर विचारायचीही सोय नव्हती. ती जेवायला यायची, बोंबील खायची आणि प्रयोगाचा विषय निघाला की भाकरीकडं बघत बसायची. गोजराबाईही विचारायच्या नाहीत. फक्त डब्यात रोज एक बोंबील जास्त आणायच्या.

बाविसाव्या दिवशी दुपारी सई बाटल्यांच्या खोलीत धावत आली. पळत आल्यामुळं तिला बोलता येईना. तिनं गोजराबाईंचा ओला हात धरला आणि तसंच पडद्यासमोर नेलं. सर आधीच तिथं होते.

पडद्यावर तीन रेघा होत्या. सईनं बोट ठेवलं. "ही नुसत्या एकट्यांची. बघा कशी चढत गेलीय, पाचव्या दिवशी केवढी! आणि ही प्लास्टिकच्या छपराची, हीपण जवळजवळ तेवढीच. आणि ही..."

तिसरी रेघ सपाट नव्हती, पण बरीच खाली होती. दमून बसल्यासारखी.

"ही वाकल?"

"ही वाकळ. मऊ काहीतरी पाठीला टेकलेलं असलं की त्या पेशी कमी ओरडतात, मावशी. मैत्रीण नाही, पण मैत्रिणीचं ओझं तरी आहे असं काहीतरी. नुसतं डोक्यावर छप्पर असून भागत नाही."

"आमच्या इमारतीला पन छप्पर हाय," गोजराबाई म्हणाल्या. मग त्यांना वाटलं की हे इथं बोलायचं नव्हतं, म्हणून घाईघाईनं विचारलं, "आनि वैजयंती?"

"वाकळीच्या गटात होती!"

"तिला फोन लाव. आत्ता लाव."

सर बारीक आवाजात म्हणाले की अजून पुष्कळ तपासावं लागेल, नरांवर करावं लागेल, एवढ्यावर काही सिद्ध होत नाही. आणि त्याच आवाजात, पुढच्याच वाक्यात, म्हणाले, "बाई, उद्यापासून तुमची खोली तुम्ही सांभाळा. इथून पुढं काही वाटलं तर आधी मला सांगायचं. नंतर शिवायचं."

उद्यापर्यंत कोण थांबतंय. गोजराबाईंनी आंघोळ केली, झगा चढवला, टोपी, मास्क, मोजे, पायात पिशव्या, आणि तीन नंबरचं दार ढकललं. प्रयोग संपल्यावर उंदरिणी पुन्हा चार-चार, पाच-पाच एकत्र ठेवल्या होत्या. सई बाहेर काचेपाशी उभी राहिली आणि तिनं सवयीनं खिशातलं घड्याळ काढून बटण दाबलं.

"अगो माझ्या बायांनो! सरपंचीन, इकडं ये, किती वालली गं तू, त्या मुक्यानं तुला काय दिलं की नाय, आनि या मिशा कोनाच्या पडल्यात, परत सुरू झाली का तुझी दादागिरी, थांब, थांब, सगल्यांकडं येतेय, वैजयंती, अगो तुझा फोटू निघाला पडद्यावर, तुझ्या नावाची बाई तिकडं रडतेय खुशीनं, आनि गिरजानं लुगडं दिलं, हिरवं, गिरजानं! आनि नामाला तुमची नावं पन म्हाईत नाय, सांगा..."

पिंजऱ्यांच्या जाळ्यांना काळी नाकं लागली. ती आवाजाला लागली की दाण्याच्या आशेला, हे तपासायला अजून एक प्रयोग करावा लागेल. नामा ससे सोडून काचेपाशी आला, ऐकत राहिला आणि "बरं" म्हणून परत गेला.

जयप्रकाश सर सईच्या मागं येऊन उभे होते. "किती झाले?"

"सत्तेचाळीस मिनिटं. मध्ये एकदाच श्वास घेतला."

सरांनी आत बघितलं. गोजराबाई आता दुसऱ्या ओळीला लागल्या होत्या.

"ही नोंद कुठल्या गटात घालायची?"

"वाकळ नसलेल्या, सर," सई म्हणाली, आणि घड्याळ चालूच ठेवलं.